पाणी पुसायचं नाही

"मावशी, मुलींकडच्या नळाला पाणी नाही."

फळ्यावर तारीख लिहिता लिहिता तिच्या हातातला खडू तुटला. अर्धा बोटांत राहिला, अर्धा घरंगळत टेबलाखाली गेला, आणि सहावी ब मधल्या त्रेचाळीस पोरांपैकी निम्मी तो बघायला वाकली.

"मी आत्ता मावशी नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "आत्ता मी बाई आहे. बस खाली."

"हो बाई. पण नळाला पाणी नाही ना."

वर्ग खो खो हसला. शेवटच्या बाकावर तिच्याबरोबर शिकणाऱ्या चार जणी निरीक्षणाच्या वह्या घेऊन बसल्या होत्या, त्यांनी त्या वह्या तोंडासमोर धरल्या. वही तोंडासमोर धरली की हसू लपतं असं ज्या वयात वाटतं, त्या वयाच्या होत्या त्या. ती त्यांच्या दुप्पट. अध्यापक विद्यालयात त्या तिला काकू म्हणत, आणि तिच्या वहीतून नकाशे उतरवून घेत.

तक्रार करणाऱ्या पोरीचीही चूक नव्हती. अंगानं काडी आणि आवाज कारखान्याचा, म्हणून तिला सगळे भोंगा म्हणत, शिक्षकसुद्धा. नळ गेला की मावशींना सांगायचं, कुणी ओकलं की मावशींना बोलवायचं, हे या शाळेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. चौदा वर्षं निळा कोट घालून ती या शाळेची घंटा वाजवत होती, कुलपं उघडत होती, आणि कुठे पाणी सांडलं की कुणी हाक मारायच्या आत फडकं घेऊन हजर होत होती. आता निळ्या कोटाच्या जागी इस्त्रीचे कपडे आले आणि हातात खडू आला, म्हणून पोरांनी ते सगळं एका रात्रीत विसरायचं? पोरांना काय पडलंय!

शिक्षिका व्हायचं तिच्या डोक्यात कुणी घातलं नव्हतं. एखादे सर आले नाहीत की मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, तिला म्हणत, "मावशी, जरा बसा वर्गात. पोरं गप्प ठेवा." ती बसे. नुसतं बसून पोरं गप्प राहत नाहीत, म्हणून ती बेरजा घाली. बेरजा संपल्या की गोष्ट. असं करता करता तिच्या ध्यानात आलं, पोरं आपलं ऐकतात, आणि नुसतं गप्प राहायचं म्हणून नव्हे. मग मुलीच्या जुन्या पुस्तकांवरून तिनं बारावी दिली, बाहेरून. नापास झाली, परत दिली. आणि चाळिशीला दोन पावलं उरली असताना अध्यापक विद्यालयात नाव घातलं. सकाळी शाळा, दुपारी विद्यालय, अशी दोन वर्षं काढली. फक्त शेवटच्या सराव पाठांसाठी महिन्याची बिनपगारी रजा मागावी लागली.

आणि सराव शाळा मिळाली कोणती? हीच.

"मॅडम, दुसरी कुठलीही शाळा द्या," ती पद्धतीच्या मॅडमकडे गेली होती. पाठ कसा घ्यायचा ते शिकवणाऱ्या त्या मॅडम, आणि सराव पाठांना गुणही त्याच देत.

"काकू, उलट बरंय की. ओळखीची मुलं."

"ओळखीची आहेत म्हणूनच म्हणते."

"यादी वर गेली. आता बदल नाही."

यादी वर गेली म्हणजे देवाकडेच गेली. संपलं.

तर त्या दिवशीचा पाठ विज्ञानाचा होता. बाष्पीभवन. पाठ कसा घ्यायचा हे टाचणात ओळीनं लिहिलेलं असतं, आणि टाचण वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे उतरत येतं, थोरलीचे कपडे धाकटीला यावेत तसं. आधी प्रस्तावनेचे चार प्रश्न. पहिल्या तिन्हींची उत्तरं मुलांना यायलाच हवीत, चौथ्याचं येता कामा नये. चौथ्याला मुलं अडली की बाईंनी गोड हसून म्हणायचं, "तर आज आपण हेच शिकणार आहोत." मग स्पिरिटचा दिवा, त्यावर काचेचं चंचुपात्र, पात्रात पाणी, पाण्याची वाफ.

"सकाळी तोंड धुवायला आपण काय वापरतो?"

"पाणीऽ!"

"कपडे धुतल्यावर आपण काय करतो?"

"वाळत घालतोऽ!"

"वाळत घातल्यावर ते कसे होतात?"

"कोरडेऽ!"

बरं चाललं होतं. चौथा प्रश्न तिनं स्वतःचा घातला होता, टाचणात नसलेला. त्या एका प्रश्नाचा तिला अभिमान होता.

"आता सांगा. फरशीवर पाणी सांडलं, तर थोड्या वेळानं ते कुठे जातं?"

त्रेचाळीस तोंडं एकदम उघडली. "मावशी पुसताऽत!"

खिडकीची काच हलली इतकं हसले सगळे. पद्धतीच्या मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. गोड हसायचं राहिलं बाजूला, तिला पुढचं एक अक्षर आठवेना. शेवटी भोंग्यालाच तिची दया आली.

"बाई, आता तुम्ही दिवा पेटवायचा," भोंगा समजावून म्हणाली. "मग आम्ही 'वाफ' म्हणायचं. मग तुम्ही 'शाब्बास'. मग बाष्पीभवन."

कारण या वर्गावर बाष्पीभवन आधी चौघींनी घेऊन झालं होतं. त्या चौघी मागच्या बाकावर बसल्या होत्या.

वहीत लाल शेरा पडला: वर्गनियंत्रण कमी. प्रश्नाची रचना सदोष.

"प्रश्न सदोष कसा, मॅडम?" तिनं बाहेर आल्यावर विचारलं.

"मुलांनी उत्तर दिलं ना. चौथ्याला द्यायचं नसतं."

"पण चूक दिलं."

"चूक कुठे? बरोबरच दिलं," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांचे खांदे हलले. "रागावू नका, काकू. टाचणातलाच प्रश्न घ्या बाई. स्वतःचं डोकं चालवायला पुढे आयुष्य पडलंय. आणि मुलांनी काही आडवंतिडवं विचारलंच, तर 'मला माहीत नाही' म्हणू नका. शिक्षकानं ते म्हणायचं नसतं."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती टाचण मांडीवर घेऊन बसली. आत जायची मुभा होती; तिच्याबरोबर शिकणाऱ्या त्या चौघी आत बसून चहा पीत होत्या. तिला आत जाववेना. चौदा वर्षं त्या उंबऱ्यापर्यंत ट्रे घेऊन जायची सवय, उंबऱ्यापुढे पाय जड होत. तेवढ्यात गणिताचे सर बाहेर आले, मोबाईलवर बोलत बोलत त्यांनी रिकामा कप तिच्या हातात दिला आणि निघून गेले. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तीही बघत नव्हती. कप धुऊन, पालथा घालून, हात पुसत ती बाकावर परत आली तेव्हा तिला कळलं आपण काय केलं. सरांचा राग नाही आला एवढा. स्वतःच्या हातांचा आला. हातांकडे अशी बघत बसली, जशी काही दुसऱ्याची द्वाड पोरं मांडीवर येऊन बसलीत.

त्यात घंटा. तिच्या जागी बदली म्हणून घेतलेला शिपाई कान खाजवत कधीतरी उठे आणि दोन टोल एकमेकांच्या बोकांडी बसवल्यासारखे हाणी. तास पस्तीस मिनिटांचा. तिला घड्याळ लागत नसे. तेहेतिसाव्या मिनिटाला तिचा उजवा खांदा आपोआप जड होई. आणि हा बाबा अडतिसाव्याला उठणार.

"अरे, दोन टोलांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा ठेवावी," तिनं एकदा न राहवून सांगितलं.

"घंटेला कुठं श्वास असतो, मावशी?"

"घंटेला नसतो. पोरांना असतो."

तो हसला. दुसऱ्या दिवशी परत अडतीस.

बुधवारी मोठ्या सरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याला शाळा चालवायची होती.

"मावशी, उद्या तुमचा शेवटचा पाठ ना? बाहेरचे परीक्षक येतायत म्हणे."

"हो सर. भाषेचा झाला पास. विज्ञानाचा राहिलाय."

"बरं. रजा उद्या संपते. परत देता येणार नाही, आधीच सांगतो. वरून एकदाच मंजूर झालीय. पास झालात तर आनंद आहे, सही मीच करीन सोडायच्या कागदावर. नाही तर परवा सकाळी साडेसहाला कुलपं." थोडं थांबून ते म्हणाले, "त्या बदलीवाल्यानं माझा जीव खाल्लाय हो. घंटा तुमचीच."

ही तारीफ होती की धमकी, ते तिला रस्ताभर कळलं नाही. पाठ पडला तर पुढल्या वर्षी पुन्हा द्यावा लागणार, त्याला पुन्हा महिना लागणार, आणि महिना मिळणार नाही. म्हणजे उद्याची पस्तीस मिनिटं. चौदा वर्षं तिनं जी पस्तीस मिनिटं दिवसातून आठ वेळा तोडून फेकली, त्यातलीच एक पट्टी.

घरी सासू शेंगा सोलत बसली होती आणि मुलगी तक्त्यावर वाफेचे बाण रंगवत होती. नवऱ्यानं, तो शिंपीकाम करी, उद्याचे कपडे इस्त्री करून खुंटीला लावले होते आणि बोलणी बसायच्या आत बाहेर सटकला होता.

"आई, तुम्ही वर्ग व्हा," ती सासूला म्हणाली.

"मी कधी शाळेची पायरी चढले नाही, आणि आता वर्ग होऊ?"

"उत्तरं द्यायची नुसती."

"देते. पण चुकलं तर ओरडायचं नाही. तुझ्या मास्तरणीसारखी तोंडं करायची नाहीत."

टाचणातले तीन प्रश्न झाले. सासूनं शेंगा सोलत फटाफट उत्तरं दिली. मग हिच्या तोंडात सवयीनं तोच प्रश्न आला. "फरशीवर पाणी सांडलं. थोड्या वेळानं ते कुठे जातं?"

"कुठं जाणार? तू पुसतेस."

मुलगी फिसकन हसली. हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुम्हीपण?"

"आता मी काय केलं?"

"पुसलं नाही असं समजा ना, आई!"

"असं कसं समजू?" सासूनं शेंग खाली ठेवली. "या घरात आल्यापासून तू एक थेंब जागच्या जागी सुकू दिलेला नाहीस. ओट्यावरचं पाणी ओट्यावर राहत नाही, न्हाणीतलं न्हाणीत. मला विचारशील, तर पाणी आपलंआपण सुकतं हेच मी विसरून गेले. त्या पोरांचं काय घेऊन बसलीस!"

हे बोलणं चपलेतल्या खड्यासारखं तिला टोचत राहिलं. जेवताना टोचलं, निजताना टोचलं. सासू बाहेर शेजारणीला सांगत होती ते कानावर आलं: "उद्या परीक्षा आहे आमच्या सुनेची. मोठी परीक्षा. साहेब येणार बाहेरून." घरात टोमणे आणि दारात तोरा; म्हातारीची तऱ्हाच तशी.

गुरुवारी तिसऱ्या तासाला परीक्षक आले. उंच, बारीक, मनगटावर मोठं घड्याळ. पद्धतीच्या मॅडम त्यांच्या बाजूला. मोठे सर यजमान म्हणून दाराशी. तिनं तारीख लिहिली, खडू तुटला नाही. तक्ता लावला. चारही प्रश्न टाचणातलेच घेतले, आणि चौथ्याला सहावी ब शहाण्यासारखी अडली. कुठे अडायचं हे पोरांना आता पाठ झालं होतं. ती गोड हसली. "तर आज आपण हेच शिकणार आहोत." दिवा पेटला. मॅडमनी हळूच मान डोलवली. नदी पार होणार असं वाटायला लागलं.

पाहुण्यांना पाणी पाठ सुरू व्हायच्या आधी द्यायचं असतं. हे तिनं बदली शिपायाला सकाळी दोनदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तो आला दहाव्या मिनिटाला, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेला काचेचा जग आणि दोन पेले घेऊन, बाकांच्या मधल्या वाटेनं, आणि कुणाच्या तरी दप्तराच्या पट्ट्यात त्याचा पाय अडकला.

जग फुटला नाही, तेवढी कृपा. पाणी मात्र सगळं गेलं. मधल्या वाटेत पसरत पसरत खिडकीखालच्या उन्हापर्यंत पोचलं आणि तिथं चमकायला लागलं.

वर्गातले सगळे डोळे एका ठिकाणी आले: तिच्यावर. पोरांचे, मॅडमचे. दारातून मोठ्या सरांनी हातानं हलकेच खूण केली, "मावशी, जरा..." त्यांच्याही नकळत केली असेल. शिपाई तर भर परीक्षेत विचारता झाला, "मावशी, फडकं कुठं ठेवता तुम्ही?"

जिन्याखाली, तिसरा खिळा. हे तिच्या जिभेवर आलंही. पाय तर त्याच्या आधीच निघाले होते. दोन पावलं दाराकडे पडून गेली होती.

"मावशी पुसतील आता," भोंगा शेजारणीच्या कानात कुजबुजली. भोंग्याचं कुजबुजणं, ते दोन वर्गांपलीकडे गेलं.

ती थांबली.

"कुणी पुसायचं नाही," ती म्हणाली. आवाज असा निघाला की शिपाई होता तिथंच खिळला. "दिवा विझव गं, पहिल्या बाकावरची. आणि वाटेतली दप्तरं उचला सगळ्यांनी."

टेबलावरचा खडू घेऊन ती खाली बसली आणि पाण्याच्या काठाकाठानं रेघ ओढत निघाली. पाणी जिथं आत वळलं होतं तिथं रेघ आत वळवली, बाकाच्या पायाशी गेलं होतं तिथं पायाला वळसा. चौदा वर्षं याच फरशीवर ती अशीच बसून सरकत आली होती, फक्त हातात खडू नव्हता. रेघ जुळली तशी ती उठली.

"ही आत्ताची हद्द. आता हे पाणी आपण राखायचं. कधी जाईल हे?"

"कुणी पुसलं नाही तर?"

"कुणीच नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. असा प्रश्न त्यांना कधी कुणी घातला नव्हता.

"मधल्या सुट्टीपर्यंत!"

"ह्या, उद्यापर्यंत."

"जाणारच नाही. कायमचं राहणार. शेवाळ येणार."

"बरं, जाईल म्हणता ना काही जण? मग कुठं जाईल?"

"फरशी पिणार."

"फरशी काय गाय आहे?"

"झिरपणार खाली, बाई!"

"खाली पाचवी अ आहे," भोंगा ओरडली. "त्यांच्या डोक्यावर पडेल!"

वर्ग हसला, आणि तिलाही हसू आलं. टाचणातलं गोड नव्हे, आपलं साधं. "जा बघून ये. पाचवी अ चं छत ओलं आहे का. पळत जायचं नाही."

भोंगा पळतच गेली. परीक्षकांनी भुवया वर केल्या, घड्याळ पाहिलं, काहीतरी लिहिलं. भोंगा धापा टाकत परत आली. "कोरडं ठणठणीत! त्यांच्या सरांनी मला कान धरून बाहेर काढलं!"

"म्हणजे खाली गेलं नाही. फरशी पीत नाही. मग?"

बाष्पीभवन हा शब्द त्यांनी पाच वेळा ओरडून म्हटला होता. पण तो चंचुपात्राचा शब्द होता, फरशीचा नव्हता. इथं तो कुणाला आठवलाच नाही, आणि तिनंही आठवण दिली नाही. तिनं पंखा लावला. निम्म्या पोरांना उन्हाकडच्या काठावर राखणीला बसवलं, निम्म्यांना सावलीकडच्या.

पोरं पाण्याभोवती उकिडवी बसली. मॅडम तिला लांबून टाचण दाखवत होत्या, बोटानं ओळी मोजून दाखवत होत्या: फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. तिला दिसत होतं. तिला सगळं दिसत होतं. उठावं, फळ्याकडे जावं, तीन व्याख्या लिहाव्यात आणि पास व्हावं. अजून वेळ होता, खांदा सांगत होता. पण पोरं ज्या नजरेनं त्या पाण्याकडे बघत होती, ती नजर तिनं घंटेखाली उभं राहून चौदा वर्षांत या शाळेत कुठल्याच वर्गाच्या खिडकीतून पाहिली नव्हती. ती मोडायला तिचा हात उठेना.

पंचविसाव्या मिनिटाला परीक्षक उठले. सातवीत त्यांना दुसरा पाठ बघायचा होता. जाताना पाण्याला वळसा घालून गेले, पँट वर धरून. मॅडम आणि मोठे सरही मागोमाग; शिपाई रिकामा ट्रे घेऊन आधीच सटकला होता.

आणि ते दारातून बाहेर पडले न पडले तोच उन्हाकडून किंकाळी आली.

"बाई! सरकलं! बाई, खरंच सरकलं!"

भोंगा फरशीवर पालथी पडली होती, हनुवटी जमिनीला टेकवून. रेघेच्या आत दोन बोटं फरशी कोरडी झाली होती. सावलीकडच्या पोरांनी आपल्याकडे पाहिलं. त्यांचं पाणी अजून रेघेला चिकटून होतं.

"आमचं का नाही सरकलं?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, आणि नव्या काठानं दुसरी रेघ ओढली.

मग सगळी एकदम बोलायला लागली. ऊन म्हणून. नाही, पंखा म्हणून. मग पंख्याखालचं का राहिलं? कारण तिथं खोल आहे. खोल आहे ते तुला काय माहीत? बोट घाल ना! त्या गलक्यात एक बारीक आवाज आला, "म्हणजे हेच ते बाष्पीभवन का?" आणि दुसरा कुणीतरी म्हणाला, "ते वाफेचं. दिव्याचं." आणि तिसरा, "मग दिवा कुठाय इथं?" आणि चौथ्यानं खिडकीतून उन्हाकडे बोट केलं.

घंटा झाली, नेहमीसारखी उशिरा, दोन टोल एकमेकांच्या बोकांडी.

घंटा झाली की वर्गात काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. टोलाचा आवाज भिंतीपर्यंत पोचायच्या आत दप्तरं खांद्यावर असतात. आज ती उभी राहून वाट बघत राहिली. एकही पोर उठलं नाही. आणि ते बघायला त्या खोलीत मोठं माणूस तिच्याशिवाय कुणीही नव्हतं.

शेऱ्याचा कागद दुपारी मॅडमनी दाखवला. दाखवायचा नसतो, पण दाखवला. टाचणाप्रमाणे पाठ झाला नाही. फलकलेखन नाही. मूल्यमापन नाही. पाठ चालू असताना विद्यार्थिनी वर्गाबाहेर गेली. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: वर्गाची स्वच्छता राखली नाही.

पास व्हायला वीस लागत होते. सतरा पडले होते.

"तीन गुणांसाठी, काकू," मॅडम वैतागून म्हणाल्या. "फळ्यावर व्याख्या लिहिली असतीत तरी दोन आले असते. शिपायाला पुसू दिलं असतं तर एक. काय मिळवलंत?"

तिनं तो शेवटचा शेरा परत एकदा वाचला. स्वच्छता. चौदा वर्षांची फडकी डोळ्यांपुढून गेली, ढिगानं. हसावं की रडावं कळेना, म्हणून ती कागद घडी करून परत देती झाली.

"मॅडम, तुम्ही पाच मिनिटं थांबायला हवं होतंत," ती एवढंच म्हणाली.

घरी मुलीनं तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला. नवऱ्यानं खुंटीवर निळा कोट आणून लावला, त्याचं सुटलेलं बटण त्यानं दुपारीच शिवून ठेवलं होतं. म्हणजे त्याला आधीच वाटलं होतं की काय, असं वाटून तिला त्याचा राग आला, आणि बटणाला हात लावल्यावर गेला. जेवण उरकल्यावर सासू म्हणाली,

"ते पाणी गेलं का शेवटी?"

"शाळा सुटली तेव्हा तळहाताएवढं राहिलं होतं."

"कुणी पुसलं नाही?"

"नाही."

"मग झालं तर," सासू म्हणाली, आणि कूस वळून निजली.

शुक्रवारी साडेसहाला तिनं कुलपं उघडली. बदली शिपाई किल्ल्यांचा जुडगा हातावर ठेवून एकदाचा सुटला. तिनं कोटाच्या बाह्या वर केल्या, तिसऱ्या खिळ्यावरचं फडकं घेतलं, बादली भरली. पाचवी अ झाली. वर आली. सहावी ब चं दार उघडलं.

फरशी कोरडी होती. खडूच्या रेघा तेवढ्या होत्या, एकीत एक, एकीत एक. तिनं दोनच ओढल्या होत्या. या पाच होत्या. मधल्या वेड्यावाकड्या, लहान हातांनी ओढलेल्या, आणि प्रत्येकीजवळ वेळ लिहिलेली. सगळ्यात आतली वाटीच्या बुडाएवढी. तिच्याजवळ लिहिलं होतं: शाळा सुटली.

ती फडकं पिळून खाली बसली आणि पुसायला लागली. भिंतीपासून, बाकांखालून, टेबलाभोवती. रेघांपाशी आली तसा हात वळवला आणि काठाकाठानं पुसत गेली. बाहेरची रेघसुद्धा ओली होऊ दिली नाही.

"बाई."

दारात भोंगा उभी होती. दप्तर पाठीवर, केस अजून ओले. शाळा भरायला थोडाच वेळ होता.

"मावशी म्हण. आज मावशी आहे."

"हो, मावशी." भोंगा रेघांपाशी येऊन उकिडवी बसली. आतल्या वर्तुळावर तिनं बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. "पण काल संध्याकाळी खिडक्या लावल्या होत्या. पंखा बंद. दार बंद. रात्री ऊनपण नसतं. मग हे शेवटचं पाणी कुठून गेलं?"

तिचा हात फडक्यावर थांबला. ती खिडकीकडे बघत राहिली. मग दाराकडे. मग छताकडे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

भोंग्यानं डोळे मोठे केले. असं उत्तर तिला या खोलीत आजवर कुणी दिलं नव्हतं.

"मग?"

"मग आज संध्याकाळी वाटीभर पाणी परत सांडू. इथंच. भोवती रेघ मारू, खिडक्या लावू, दाराखालच्या फटीत कापड कोंबू. कुलूप घालू. उद्या साडेसहाला तू ये, माझ्याबरोबर उघडायला. कुणी मध्ये यायची भीती नाही."

"कशावरून?"

"चावी माझ्याकडे असते."

खालून मोठ्या सरांची हाक आली. "मावशीऽ! घंटाऽ!"

उजवा खांदा केव्हाचा जड झाला होता, तिला ठाऊक होतं.

"येते!" ती म्हणाली, आणि भोंग्याकडे वळली. "आता मला सांग. फटीत कापड कोंबलं आणि तरीही पाणी गेलं, तर आपण काय समजायचं?"

भोंगा विचार करायला लागली. ती थांबली, फडकं हातात घेऊन, पोरीचं उत्तर येईपर्यंत.